भर वाक्यात

हिंदुराव लाड रविवारी दुपारी जावयाला एका जुन्या कुस्तीची हकिकत सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बंद पडला.

"गडी उंचीनं एवढासा," ते म्हणत होते, "समोरचा नुसता डोंगर. हलगी वाजत्येय, सूर्य खाली चाललाय, आणि त्या एवढ्याशा गड्यानं खाली बसून असा काही पट काढला, की..."

जावई हातातला घास तसाच धरून राहिला. पुढे काहीच आलं नाही. चाकाच्या खुर्चीत हिंदुराव बसले होते तसेच बसले होते, कारण मानेखालचा त्यांचा देह गेली काही वर्षं हलतच नव्हता. डोळे मात्र आधी जावयाकडे, मग लेकीकडे आणि मग बायकोकडे भिरभिरले. शालनताईंनी ताट सरकवलं आणि त्या उठल्या.

"मशीन बंद पडलं," त्या म्हणाल्या. "होईल चालू. तुम्ही जेवा."

चहाला आधण ठेवून तो गाळून व्हावा एवढ्या वेळाने खुर्चीच्या पाठीला लावलेल्या स्पीकरमधून बारीक टिकटिक झाली आणि हिंदुरावांचा आवाज परतला. पण कुस्ती तिथेच राहिली. जावयाने "मग पुढं काय झालं?" असं विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पडला तो."

पलूस, कडेगाव, विटा या टापूत हिंदुरावांचा आवाज माहीत नाही असं माणूस मिळणं कठीण होतं. जत्रेच्या मैदानात कुस्त्यांचं निवेदन करायला त्यांनाच बोलावत. कोणता पैलवान कोणत्या तालमीचा, त्याच्या वस्तादाचा आवडता डाव कोणता, हे सारं त्यांच्या जिभेवर असे, आणि कुस्ती रंगली की ती जीभ डावाच्या जोडीने धावे. मग आजार आला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाण्याचा हा आजार. आधी हात गेले, मग पाय, शेवटी जीभ आणि गिळणं. बुद्धीला मात्र तो बोट लावत नाही, आणि हीच त्याची सगळ्यांत क्रूर गोष्ट.

त्यांना बोलतं केलं ते यंत्राने. मिरजेच्या एका इस्पितळात त्यांच्या मेंदूवर, बोलण्याच्या हालचाली जिथे ठरतात त्या जागी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ जाळी बसवली होती. माणूस 'पाणी' म्हणायचं मनात आणतो तेव्हा ओठ मिटावेत, जीभ टाळूला लागावी, असे हुकूम मेंदूतून निघतात. जीभ ऐकत नसली तरी हुकूम निघतातच. जाळी ते टिपायची आणि कातडीखालच्या तारेतून गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या लहानशा संगणकाकडे पोचवायची. संगणक त्या हुकुमांचे शब्द करायचा आणि स्पीकर ते बोलायचा.

पहिला संगणक सावकाश होता. पहिलीतलं पोर अक्षरं लावून वाचतं तसं बोलणं यायचं, आणि ऐकणारी माणसं कंटाळून वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. म्हणून यंत्र बनवणाऱ्या कंपनीने नवा, वेगवान प्रोसेसर काढला तेव्हा हिंदुरावांनी लगेच होकार दिला. लहानशी शस्त्रक्रिया करून जुना काढला आणि त्याच जागी नवा बसवला. मैदानातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांचा मूळचा आवाजही पुन्हा घडवला होता. घरी आल्यावर पहिल्या दिवशी ते सकाळपासून बोलत सुटले. शेजाऱ्याच्या शेळीलासुद्धा त्यांनी सोडलं नाही. शालनताई स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

पुढच्याच आठवड्यात आवाज भर वाक्यात तुटायला लागला.

कंपनीची माणसं पुण्याहून, नेटवरूनच तपासणी करायची. त्यांनी प्रणाली पुसून नव्याने घातली, मग आणखी एकदा घातली. दर वेळी सगळं ठीक असल्याचा निरोप यायचा आणि दर वेळी चार दिवसांत यंत्र पुन्हा मान टाकायचं. बंद पडण्याच्या क्षणाची नोंदही मिळायची नाही. नोंद ठेवणारा संगणक तोच आणि झोपणाराही तोच.

शालनताईंच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. हिंदुराव रंगात आले, चिडले किंवा फार खूश झाले, की हमखास आवाज जायचा. हळूबेतानं बोलत राहिले तर दिवस दिवस काही व्हायचं नाही. मग त्यांनी घर थंड करून टाकलं. गावातली भांडणं त्यांच्या कानावर घालणं बंद केलं. जुने दोस्त आले तर त्यांना दारातच सांगायच्या, "जास्त बोलायला लावू नका त्यांना." लेक उज्ज्वला फोनवर म्हणायची, "आई, आण्णांना हे नको सांगूस." असं करत करत न सांगायच्या गोष्टींत एक फार मोठी गोष्ट जाऊन बसली. उज्ज्वलाला आईवडिलांना पुण्याला आपल्याकडे न्यायचं होतं. शालनताईंच्याही मनात तेच होतं. हिंदुरावांना उचलून कूस बदलायला आता त्यांची कंबर साथ देत नव्हती. पण विषय काढला की ते भडकणार, भडकले की आवाज जाणार. म्हणून मायलेकींनी त्यांना न विचारताच ठरवून टाकलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या उज्ज्वलाने घेऊनही ठेवल्या.

आणि एक दिवस शालनताई परड्यात कपडे वाळत घालत असताना हिंदुराव भिंतीवरच्या पडद्यावर कुस्ती बघत होते. रंगात येऊन काहीतरी बोलले आणि यंत्र बंद पडलं. त्याच वेळी घशात लाळ अडकली. एरवी ते हाक मारायचे, "शालन, घसा," आणि त्या येऊन नळीने लाळ ओढून घ्यायच्या. त्या दिवशी हाक निघालीच नाही. बादली घेऊन त्या आत आल्या तेव्हा नवऱ्याचे ओठ निळे पडले होते. वाचले, पण थोडक्यात. त्या दिवसापासून घरात पडदा लागला नाही.

ही बातमी कळल्यावर कंपनीने माणूस पाठवलं. तय्यबा मुल्ला मूळची मिरजेचीच, पुण्यात कंपनीत इंजिनिअर. विजेवरच्या एसटीतून उतरून दोन जड पेट्या स्वतःच ओढत ती दारात आली. शालनताईंना वाटलं, आता ही वायरी काढून पडद्यात डोकं घालून बसणार. पण तिने खुर्ची ओढली, हिंदुरावांच्या समोर बसली आणि विचारलं, "आण्णा, बंद पडतं तेव्हा तुम्हाला आत काय वाटतं?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. हिंदुरावांनी आधी तिच्याकडे नीट पाहिलं. मग जपून, एकेक शब्द मोजून ठेवावा तसे बोलले. "मला काहीच कळत न्हाई. मी बोलतच असतो. मग तुमची तोंडं बघतो. तवा समजतं, की आवाज गेलाय."

"आधी अडखळतं का? शब्द चुकतात?"

"न्हाई. अगदी चांगलं चाललेलं असतं."

तय्यबाने मान डोलावली. मग शालनताईंकडे वळली. "काकू, तुमचा काय अंदाज?"

शालनताईंनी चाचरत आपलं निरीक्षण सांगितलं. पुण्याच्या माणसांनी ते 'भावनिक ताण' म्हणून बाजूला टाकलं होतं. तय्यबाने मात्र दोनदा खोदून विचारलं. आनंदातही जातो का? नुसतं ओरडल्यावर जातो, की भरभर बोलल्यावर? शालनताई विचारात पडल्या. "भरभर," त्या म्हणाल्या. "राग असो नाहीतर हसू असो. गाडी सुटली, की जातो."

तय्यबाची काम करायची रीत शालनताईंना फार आवडली. ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग वाट बघायची. पेटीतून तिने हिंदुरावांच्या छातीतल्यासारखाच दुसरा प्रोसेसर काढून टेबलावर मांडला. जाळीकडून येणारे हुकूम बिनतारी दोन्हीकडे जातील अशी सोय केली. एकच माणूस, दोन संगणक. आतली प्रणाली अक्षर न् अक्षर तीच. छातीतला बंद पडला, टेबलावरचा चालूच राहिला. म्हणजे दोष प्रणालीत नव्हता. मग तिला वाटलं, अंगाच्या उष्णतेने होत असेल. तिने टेबलावरचा प्रोसेसर कोमट पाण्याच्या पिशव्यांत गुंडाळला. तो तरीही चालूच राहिला. "हा माझा अंदाज चुकला," ती म्हणाली आणि पिशव्या काढून ठेवल्या. आवाजात जराही खंत नव्हती. मेमरी तपासली, तारेचे जोड तपासले. प्रत्येक चुकलेल्या अंदाजाबरोबर ती जास्तच शांत होत गेली. काल दहा ठिकाणी लपलेला चोर आज नऊ ठिकाणी उरलाय, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

हिंदुरावही तिला न्याहाळत असायचे. एकदा ते म्हणाले, "पोरगी घाई करत न्हाई. दमवून मारणाऱ्यातली हाय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आवराआवर करताना तय्यबाने टेबलावरच्या प्रोसेसरची पिन भिंतीतून उपसली आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" शालनताईंनी विचारलं.

"काकू, या दोघांत एवढा एकच फरक उरलाय. हा भिंतीतून वीज घेतो. आण्णांचा बॅटरीतून घेतो. आणि बॅटरी आम्ही बदललीच नव्हती."

मग खाली बसून तिने समजावून सांगितलं. नवा प्रोसेसर दिवसभरात मिळून जुन्यापेक्षा कमीच वीज खातो. म्हणून कंपनीने हिशेब केला, की खोलवर स्नायूखाली असलेली जुनी बॅटरी चालेल, उगाच मोठी शस्त्रक्रिया कशाला? पण हा प्रोसेसर काम वेगळ्या तऱ्हेने करतो. माणूस सावकाश बोलतो तेव्हा तो पुढचे पाचदहा शब्द मनात धरून ठेवतो. माणसाने वेग घेतला, की पुढे हा काय काय बोलू शकेल अशा शेकडो वाटा एकदम धरून धावतो आणि हुकूम आला की नको त्या सोडून देतो. त्याशिवाय आण्णांचा वेग गाठताच येणार नाही. त्या एका क्षणाला त्याला एरवीच्या कितीतरी पट वीज लागते.

"तुमच्या विहिरीवरची मोटर चालू झाली, की घरातला दिवा क्षणभर मंद होतो ना? तसं. जुनी बॅटरी त्या झटक्याला पुरत नाही. विजेचा दाब खाली जातो, आणि संगणक आपला जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतो."

"मग सापडलं की."

"वाटतंय, एवढंच. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आण्णांच्या छातीला हात लावू देणार नाही कुणाला." तिने पुढचं सांगितलं. "बघायचं तर बंद पडायला हवं. मुद्दाम. दाबातला तो खड्डा पापणी लवायच्या आत होऊन जातो. माझं मापनयंत्र तेवढ्या बारकाईने थोडाच वेळ चालतं. तेवढ्यात आण्णा भडकले पाहिजेत."

शालनताईंची नजर नळीकडे गेली. मग स्पीकरमधून हिंदुराव बोलले, "घशाची नळी हाताशी ठेव, शालन. आणि पडदा लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनताईंनी कितीतरी दिवसांनी पडदा लावला. कुठल्याशा मैदानातली कुस्ती चालू होती. तय्यबाने नळीचं यंत्र सुरू करून ठेवलं, हिंदुरावांच्या छातीवर कपड्यावरूनच मापनाची चकती चिकटवली आणि खुणेने 'चालू द्या' म्हटलं. हिंदुराव बघत होते, पण बोलत नव्हते. निळ्या ओठांचा तो दिवस त्यांच्याही डोळ्यांपुढे असणार. ठरवून भडकणं कुणाला जमतं?

मग शालनताई खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी निवेदन सुरू केलं.

"हां, लोकहो, लाल लंगोटवाल्यानं कलाजंग मारला बघा."

"पट हाय तो," हिंदुराव म्हणाले.

"आणि आता निळावाला त्याच्या पाठीवर बसून विश्रांती घेतोय."

"अगं, विश्रांती? कब्जा घेतलाय त्यानं."

"लालवाला भिऊन जमिनीला चिकटलाय. बरोबर हाय. वजन जास्त त्याचीच कुस्ती, लोकहो. ह्यात डोकं लागतंय कुठं?"

तय्यबाने ओठ दाबून धरले. हिंदुरावांचा आवाज उसळला. "डोकं लागत न्हाई? आगं, तो खाली पडून नुसता हिशेब करतोय, ह्याचा तोल कुठल्या गुडघ्यावर हाय बघतोय, आता वरचा बघ, हात आत घातला, घिस्सा डाव भरतोय, भरला, उचल लेका, आता न्हाई तर कधी, आगं, जन्मभर माझ्या शेजारी बसून तुला एवढंसुद्धा..."

आवाज तुटला. शालनताईंनी नळी उचलली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे घाबरलेले नव्हते. डोळे हसत होते.

"हा बघा," तय्यबा म्हणाली. तिच्या पडद्यावर सरळ चाललेली हिरवी रेघ एका जागी विहिरीसारखी खाली गेली होती. "हाच तो." ती इतक्या हळू बोलली, की जणू आवाजाने तो खड्डा बुजला असता.

दोष सापडला, पण दुखणं मिटलं नव्हतं. बॅटरी बदलायची तर छाती खोलवर उघडावी लागणार, आणि हिंदुरावांच्या फुप्फुसांत भूल सोसण्याची ताकद राहिली नव्हती. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला. दुसरी वाट सोपी होती. प्रोसेसरला लगाम घालायचा. शेकडो वाटा धरायच्याच नाहीत, सगळ्यांत जास्त संभवणाऱ्या दोनचार धरायच्या. झटका बसणार नाही, आवाज जाणार नाही. तूर्त जिवाला धोका नको म्हणून तय्यबाने तो लगाम घातला आणि ती पुण्याला गेली.

आवाज खरोखरच एकदाही गेला नाही. उज्ज्वला खूश होती. पण शालनताईंना घरात कोणी परका राहायला आल्यासारखं वाटायला लागलं. संगणक आता तेच शब्द उचलायचा, जे बहुतेक माणसं त्या जागी बोलतील. "चहा छान झालाय." "हवा बरी आहे आज." एक जुना पैलवान मित्र नातवाने गदा जिंकल्याचं सांगायला पेढे घेऊन आला. हिंदुराव म्हणाले, "अभिनंदन. खूप आनंद झाला." मित्र थोडा वेळ बसला आणि पेढे ठेवून उठून गेला. तो गेल्यावर हिंदुरावांच्या गालावरून पाणी ओघळलं.

त्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं. यंत्राच्या आधीच्या काळातला अक्षरांचा तक्ता शालनताईंनी माळ्यावरून काढला. त्या एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या आणि हवं ते अक्षर आलं की हिंदुरावांनी पापणी मिटली. पुष्कळ वेळाने वाक्य जुळलं.

'हा मी न्हाई.'

शालनताईंनी त्याच दुपारी तय्यबाला फोन लावला. उज्ज्वला चिडली. "आई, ते बोलतायत ना? तेवढं पुरे नाही का? काही झालं म्हणजे?" शालनताई म्हणाल्या, "जीव त्यांचा आहे. यावेळी त्यांना विचारूनच करायचं."

तय्यबाने पुढे जे केलं त्याची गोष्ट पलूसमध्ये अजून सांगतात. चूक आमच्या हिशेबाची होती, असं तिने स्वतःच्या सहीने कंपनीला कळवलं, आणि ज्या ज्या माणसांच्या छातीत नवा प्रोसेसर आणि जुनी बॅटरी होती त्या सगळ्यांची तपासणी करायला लावली. हिंदुरावांसाठी तिने डॉक्टरांबरोबर बसून निराळा मार्ग काढला. पूर्ण भूल द्यायची नाही. त्यांना खुर्चीसारखं बसतं ठेवायचं, तेवढाच भाग बधिर करायचा, आणि बॅटरी अशी घडवून घ्यायची, की लहान छेदातून आत सरकेल. कंपनीने तशी बॅटरी करून दिली. उरलेला धोका सांगितल्यावर हिंदुरावांनी पापणी मिटून होकार दिला.

शस्त्रक्रियेच्या वेळी यंत्र अर्थातच बंद होतं. शालनताई डोक्यावर टोपी घालून नवऱ्याच्या समोर बसल्या होत्या. दुखलं तर पापणी दोनदा मिटायची, असं ठरलं होतं. हिंदुरावांनी एकदाही मिटली नाही, पण कपाळ घामाने भिजलं. छेद शिवून झाला, तय्यबाने लगाम काढून टाकला आणि यंत्र सुरू केलं.

"आण्णा, आता पूर्ण वेगात बोलून बघायचंय. जमेल का?"

"कशावर बोलू?"

"कशावरही."

हिंदुरावांनी घसा साफ केल्याचा आवाज स्पीकरमधून आला. तो मैदानातला आवाज होता. "लोकहो, आता आखाड्यात उतरत्येय मिरजेची तय्यबा मुल्ला. समोरचा गडी दिसत न्हाई, नाव न्हाई, गाव न्हाई, पुण्याचे भले भले वस्ताद त्यानं लांबूनच घरी पाठवलेत. बघा, पोरगी घाई करत न्हाई, पहिली पकड सुटली, हरकत न्हाई, दुसरी सुटली, ती हसत्येय, अंग मातीला लावत्येय, गडी दमला, लोकहो, आता तिनं त्याचा हात धरला, घातला घिस्सा, उचलला, फिरवला, आणि आभाळ दाखवलं. पाठ लागली. पाठ लागली, लोकहो. वाजवा हलगी."

शेजारच्या वॉर्डातले पेशंट उठून दाराशी आले होते. तय्यबाने पडद्यावरच्या रेघेकडे बघायला हवं होतं, पण तिला ती दिसतच नव्हती. ती शालनताईंनी पाहिली. रेघ सरळ होती.

घरी परतल्यावर शालनताईंनी फार दिवस जाऊ दिले नाहीत. टाके निघाले त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची उंबऱ्याशी आणली आणि पुण्याच्या खोल्यांचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

हिंदुराव पेटले. "मला न विचारता? माझं नाव घेतलं की माणसं जागा देतात, असं गाव सोडून तिथं कुणाच्या तोंडाकडं बघत बसू? आणि तू? तू गप राहिलीस?"

"राहिले. आता न्हाई राहणार," शालनताई म्हणाल्या. "तुमचं नाव हाय इथं. माझी कंबर हाय. रात्री तुमची कूस बदलताना मला उठवत न्हाई, ते तुमचं नाव येऊन करणार हाय का? मला जायचंय. उज्ज्वलासाठी न्हाई, माझ्यासाठी जायचंय."

शब्दाला शब्द लागला. शेजारची माणसं कान देऊन ऐकत राहिली. आणि मग हिंदुराव एकदम गप्प झाले.

शालनताईंचा हात सवयीने नळीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. ही शांतता यंत्राची नव्हती. माणूस विचार करत होता. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि त्याला करू दिला.

दिवेलागण झाली तेव्हा हिंदुराव म्हणाले, "पुण्याच्या बाजूला मैदानं भरत्यात का कुठं?"

"मला काय ठाऊक," शालनताई म्हणाल्या. "फोन लावून देते. लेकीला तुम्हीच विचारा."